फिरत्या घराची ओसरी

इंग्लंडांतील उन्हाळा हा तेथील लोकांच्या थट्टेचा नेहमींचा विषय आहे. सकाळीं ऊन पाहून बाहेर मांडलेल्या खुर्च्या दुपारीं पावसांत भिजतात आणि संध्याकाळीं त्याच खुर्च्यांवर पुन्हां ऊन पडतें. अशा देशांत मोटारींतच अंथरूण, चूल आणि पाण्याची टांकी बसवून गांवोगांव हिंडण्याची हौस वाढीस लागावी, हें नवल वाटण्यासारखें खरेंच. पण ती हौस तेथें शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतून निवृत्त झालेल्या डॉक्टरानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथें ‘वाँडरर’ नांवाचें घोड्यांनीं ओढावयाचें घर बांधवून घेतलें आणि त्यांतून तो थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत जाऊन पोंचला. केवळ मौजेच्या प्रवासासाठीं बांधलेलें तें पहिलें फिरतें घर मानलें जातें. अशा हौशी मंडळींचा क्लब १९०७ सालीं निघाला. पुढें घोडे गेले आणि मोटार आली. १९५० सालीं जर्मनींतील फोक्सवॅगनच्या कारखान्यांतून डब्यासारखी चौकोनी गाडी बाहेर पडूं लागली, आणि १९५१ सालीं वेस्टफालिया या कंपनीनें त्या गाडींत बिछाना व कपाटें बसविण्याचा संच तयार केला. आज जिला कॅम्पर व्हॅन म्हणतात ती याच कुळांतली.

या घराला एक उणीव मात्र जन्मापासूनच आहे. फोक्सवॅगनची अलीकडची आंखूड व्हॅन बाहेरून सुमारें ४.९ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद असते. तेवढ्या जागेंत चार माणसें, त्यांचे चिखलानें माखलेले बूट, ओले रेनकोट, शिजणारा भात आणि कंटाळलेलें मूल हीं सर्व एकाच वेळीं मावावयाचीं असतात. आपल्याकडील जुन्या घरांत हा प्रश्न ओसरीनें सोडविला होता. वहाणा तेथें निघत, छत्री तेथें निथळे, आणि ज्याला आंत घ्यावयाचें कीं नाहीं हें ठरलेलें नाहीं असा पाहुणाही तेथेंच बसे. व्हॅनच्या बाजूस बांधलेलें कापडी छत, ज्याला तिकडे ऑनिंग म्हणतात, तें हेंच ओसरीचें काम करतें. तें निवडावें कसें आणि वापरावें कसें, हा या भाषणाचा विषय आहे.

ऑनिंगाचे प्रकार तसे पुष्कळ. पण घेणाऱ्यानें तीनच लक्षांत ठेवले तरी पुरे. पहिला प्रकार गुंडाळीच्या छताचा. व्हॅनच्या अंगाला छताजवळ ॲल्युमिनियमची एक लांबोडी पेटी कायमची बसविलेली असते. हँडल फिरविलें कीं पेटींतून कापड बाहेर येतें, कोंपरासारखे वांकणारे दोन हात त्याला आंतल्या स्प्रिंगांच्या जोरावर ताणून धरतात, आणि पुढल्या दांड्यांत दडलेले दोन पाय खालीं सोडले कीं ओसरी उभी राहते. लहान व्हॅनसाठीं असें छत सुमारें २.६ मीटर लांब आणि २ मीटर पुढें येणारें असतें, व त्याचें वजन वीस किलोग्रॅमच्या आसपास भरतें. दोनतीन मिनिटांत काम होतें, ही त्याची मोठी सोय. दुसरा प्रकार सुट्या राहुटीचा. ती स्वतःच्या पायांवर उभी असते आणि एका कापडी बोगद्यानें व्हॅनला जोडलेली असते; बोगदा सोडला कीं व्हॅन निघून जाते आणि राहुटी सामानासह जागच्या जागीं राहते. तिसरा प्रकार म्हणजे साधी चादर: एक कड व्हॅनच्या पन्हळींत सरकवावयाची, दुसरी दोन खांबांवर उचलून दोऱ्यांनीं ताणावयाची. किंमत थोडी, वजन थोडें, मिजास मुळींच नाहीं. पुष्कळांना पहिल्या वर्षीं ही चादरच पुरेशी होते, हें विक्रेते सहसा सांगत नाहींत.

यांतून निवड करतांना कापड, रंग, खिडक्या यांचा विचार मागाहून करावा. पहिला प्रश्न विचारावा तो हा कीं, एका ठिकाणीं किती रात्री राहावयाचें? स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा ५१६ मैलांचा जो प्रसिद्ध मार्ग आहे, त्यावर रोज नवा मुक्काम करणाऱ्यानें राहुटी नेली, तर त्याची निम्मी सुटी खांब जोडण्यांत आणि निम्मी ते सोडण्यांत जाईल. त्याला गुंडाळीचें छत किंवा चादर बरी. उलट कॉर्नवॉलमध्यें एकाच जागीं आठवडाभर राहून रोज निरनिराळ्या समुद्रकांठीं जाणाऱ्याला गुंडाळीचें छत जाच वाटूं लागतें. दूध आणावयास जावयाचें तरी खुर्च्या आंत घ्या, पाय दुमडा, कापड गुंडाळा! आणि एखाद्या सकाळीं घाईंत हें विसरून गाडी चालूं केली तर काय होतें, तें पाहण्याचा योग ज्याच्या शेजाऱ्यांना आला असेल ते तो आयुष्यभर सांगत राहतात.

दुसरा प्रश्न मापाचा. राहुटी घेणाऱ्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं टेप घेऊन जमिनीपासून व्हॅनच्या पन्हळीपर्यंतची उंची मोजावी. कारखानदार बुटक्या, मध्यम आणि उंच गाड्यांसाठीं वेगवेगळे बोगदे शिवतात. बुटक्या व्हॅनला उंच बोगदा लावला तर कापडाची झोळी होऊन तींत पाणी सांचतें, आणि उंच गाडीला बुटका बोगदा लावला तर ताणानें शिवण उसवते. मग पन्हळीची जाडी पाहावी. कापडाच्या कडेला दोरीचा जो गोट शिवलेला असतो तो कधीं ६ मिलिमीटरचा असतो, कधीं ४ मिलिमीटरचा. जाड गोट बारीक पन्हळींत शिरत नाहीं आणि बारीक गोट जाड पन्हळींतून वाऱ्याच्या पहिल्या झोतासरशीं निसटतो. दोहोंना जोडणारी पट्टी मिळते आणि ती स्वस्त असते. पण ती घरीं असावी लागते. पावसांत, अंधारांत, दुकानापासून चाळीस मैलांवर ती आठवून उपयोग नाहीं.

तिसरा प्रश्न दाराचा. ब्रिटनमध्यें वाहनें आपल्याकडल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात. म्हणून तेथील व्हॅनचें सरकतें दार बहुधा डाव्या अंगाला, फुटपाथकडे असतें. जपानांतही तोच नियम असल्यानें तेथून आलेल्या जुन्या माझ्दा बोंगो गाड्यांचें दार डावीकडेच मिळतें. परंतु जर्मनींतून किंवा फ्रान्सांतून आणलेल्या गाडीचें दार उजवीकडे असतें. दार एका अंगाला आणि ओसरी दुसऱ्या अंगाला असा प्रकार झाला, तर तो हास्यास्पद ठरतो; आणि जुनी गाडी व जुनें ऑनिंग वेगवेगळ्या माणसांकडून घेणाऱ्यांच्या बाबतींत तो वारंवार होतो. ज्यांच्या व्हॅनचें छप्पर वर उचलतें त्यांनीं आणखी एक पाहावें: पेटीचा भार गाडीच्या अंगावर पडला पाहिजे, उचलत्या झांकणावर नव्हे.

आतां कापड. जाहिरातींत ‘३००० मिलिमीटर’ असा आंकडा असतो आणि वाचणारा गोंधळतो. त्याचा अर्थ सरळ आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करीत गेल्यास किती उंचीला पाणी पाझरूं लागतें, तें माप आहे. दीड हजार असलें तरी साध्या पावसाला पुरतें. तीन हजार असल्यास वाऱ्यानें रेटलेल्या पावसालाही कापड दाद देत नाहीं. पॉलिएस्टरचें कापड हलकें, लवकर वाळणारें, उन्हांत नायलॉनपेक्षां अधिक टिकणारें असतें. पण तें श्वास घेत नाहीं, आणि पहांटे आंतल्या माणसांच्या उच्छ्वासाचेच थेंब होऊन अंगावर पडतात. राहुटी गळते म्हणून दुकानदाराशीं भांडणाऱ्यांपैकीं कित्येकांची राहुटी गळत नसते; ती फक्त कोंदलेली असते. वरची झडप उघडली कीं हा पाऊस थांबतो. सुती मिश्रणाचें कापड जड आणि महाग, पण त्यांतून हवा खेळते. तें पहिल्या वापरापूर्वीं एकदां पुरतें भिजवून वाळवावें लागतें. सूत फुगून शिवणींचीं भोंकें बुजतात आणि मगच तें पाणी अडवूं लागतें. कापड पाण्याला कांहींही म्हणो, पाण्यानें आपल्या वाटेनें निघून जावें अशी सोय मात्र मनुष्यालाच करावी लागते.

ती न केल्यास काय होतें त्याचा हिशेब मुलांनाही करतां येईल. अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छताचें क्षेत्र पांच चौरस मीटर. त्यावर केवळ १० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोंकणांतल्या आषाढसरीपुढें तो कांहींच नव्हे, तरी एकंदर पाणी ५० लिटर, म्हणजे ५० किलोग्रॅम होतें. तें वाहून गेलें तर कोणाला कळतही नाहीं. तें मध्यें सांचलें, तर एक मोठा मुलगा त्या कापडांत निजल्यासारखा भार येतो, हात वांकतात, आणि एकदां वांकलेला ॲल्युमिनियमचा हात पुन्हां सरळ होत नाहीं. उपाय एवढाच कीं, छत पुढल्या बाजूस उतरतें ठेवावें, आणि पुढल्या दोन पायांपैकीं एक दुसऱ्यापेक्षां वीतभर आंखूड करावा. पाणी त्या कोपऱ्यांतून ओघळतें. तो कोपरा दारापासून दूरचा असावा, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते.

पावसापेक्षां वाऱ्याचें भय अधिक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब दुप्पट न होता चौपट होतो, ही गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. ताशीं सुमारें २९ किलोमीटर वेगाचा वारा समोरून एका चौरस मीटरवर साधारण चार किलोग्रॅम भाराइतका रेटा देतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ५८ किलोमीटरच्या आसपास झाला, तर तोच रेटा सोळा किलोग्रॅमचा होतो. पांच चौरस मीटरची कनात असेल तर तिच्यावर ऐंशीं किलोग्रॅम. वारा मोजण्याचें यंत्र जवळ नसलें तरी फ्रान्सिस बोफर्ट या दर्यावर्दी अधिकाऱ्यानें १८०५ सालीं मांडलेल्या क्रमांकांचा उपयोग होतो. धूळ आणि कागदाचे कपटे उडूं लागले, बारीक फांद्या हलूं लागल्या, म्हणजे क्रमांक चार. गुंडाळीचें छत अशा वेळीं आंत घेण्याच्या तयारींत असावें. पानांनीं भरलेलीं लहान झाडेंच डोलूं लागलीं, म्हणजे क्रमांक पांच. तेव्हां तें आंत असलें पाहिजे. आणखी एक पट्टा वरून टाकून दोन्ही टोंकांना मजबूत मेखा मारल्या कीं धीर येतो, पण तो धीर रात्रभर पुरेल अशा समजुतींत निजूं नये.

जागा निवडतांनाच निम्मी काळजी मिटते. ब्रिटनमध्यें वारा बहुतेक करून नैर्ऋत्येकडून येतो. व्हॅन अशी उभी करावी कीं, तिची पाठ त्या दिशेस आणि ओसरी ईशान्येस राहील. दोन टनांचा तो डबा वाऱ्याला अडवितो, आणि शिवाय सकाळचें कोंवळें ऊन ओसरींत येऊन दंव वाळवितें. तळावरील व्यवस्थापकाचे नियम आड आले तर मात्र निमूट ऐकावें. मेखा मारतांना त्यांचें डोकें राहुटीपासून दूर कललेलें ठेवावें. सरळ उभी मारलेली मेख पहिल्याच ओढीला उपटून येते. खडकाळ जमिनीला पोलादी खिळ्यासारख्या मेखा, वाळूला रुंद पात्याच्या. राहुटीसोबत कारखानदार ज्या तारेच्या नाजुक मेखा देतो, त्या बागेंतल्या टोमॅटोच्या रोपांना आधार द्यावयास उत्तम. सुटी राहुटी असेल तर व्हॅन हलविण्यापूर्वीं पुढल्या चाकापाशीं जमिनींत एक खूण रोंवून ठेवावी. परत आल्यावर गाडी त्याच खुणेला लावली कीं बोगदा जसाच्या तसा बसतो. नाहींतर नवरा गाडी पुढें घेतो, बायको हातानें खुणा करते, आणि सबंध तळाची करमणूक होते.

यानंतरची गोष्ट करमणुकीची नाहीं. समजा, लेस्टरला राहणारें एक मराठी कुटुंब आहे: नवराबायको, एक मुलगी, आणि उन्हाळ्यापुरत्या पुण्याहून आलेल्या आजी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्यांनीं संध्याकाळीं ओसरीबाहेर कोळशाच्या शेगडीवर कणसें भाजलीं. साडेनऊला पाऊस आला. गारवा वाढला. शेगडींतली ज्वाला केव्हांच विझली आहे, वर राखेचा थर आहे, आंत फक्त थोडी धग उरली आहे. आजींचे पाय थंड पडले आहेत. अशा वेळीं ती शेगडी उचलून राहुटींत आणून ठेवण्यापरतें स्वाभाविक दुसरें कांहीं नाहीं. ज्या घरांत शेगडी हिवाळाभर माजघरांत असे, त्या घरांतून आलेल्या माणसाला तर त्यांत कांहीं वावगें वाटणारच नाहीं. परंतु त्या माजघराला कौलांच्या फटी होत्या, दारें होतीं, धाबीं होतीं. राहुटी पाण्यासाठीं आणि वाऱ्यासाठीं बंद केलेली असते, आणि तिचा बोगदा सरळ निजावयाच्या जागेंत उघडतो.

विझत आलेला कोळसा कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु सोडीत राहतो, तोही कित्येक तास. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, धूर नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण तो श्वास पोंचत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, घेरी येते. झोंपेंत असलेल्याला यांतलें कांहींच कळत नाहीं. ब्रिटनमधील तळांवर तंबूंत आणि ऑनिंगांत अशा प्रकारें माणसें दगावलीं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांनीं विस्तव विझला अशा समजुतीनेंच शेगडी आंत घेतली होती. म्हणून शेगडी, मग ती बाजारांत मिळणारी पत्र्याच्या ताटलींतली का असेना, पेटलेली असो, विझलेली असो कीं पाणी ओतलेली असो, रात्रीं ओसरीबाहेरच, उघड्यावर राहिली पाहिजे. गॅसची चूल आणि जनरेटर यांनाही हाच नियम. व्हॅनमध्यें डिझेलवर चालणारा हीटर असेल, तर त्याच्या धुराची नळी गाडीच्या पोटाखालीं कोठें उघडते तें दिवसाउजेडीं वांकून पाहावें. पुष्कळदां ती ओसरीच्याच बाजूस असते. या वायूची सूचना देणारी लहानशी घंटा मिळते. वाहनांतील वापरासाठीं ती ‘ईएन ५०२९१’ या मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणें बनविलेली असावी. ती बसविण्यास आळस करूं नये. ती वाजली, अथवा दोघांतिघांचीं डोकीं एकाच वेळीं दुखूं लागलीं, तर दारें उघडून सर्वांनीं बाहेर पडावें, मग ९९९ या क्रमांकावर फोन करावा. आजींसाठीं गरम पाण्याची रबरी पिशवी भरून द्यावी. ती शेगडीइतकीच ऊब देते.

आगीसाठींही थोडें अंतर लागतें. ब्रिटनमधील तळांवर दोन बिऱ्हाडांमध्यें साधारण ६ मीटर जागा सोडण्याचा नियम आहे. पुष्कळांना तो एकांतासाठीं केलेला वाटतो. तो ज्वाला पलीकडे पोंचूं नये म्हणून आहे.

रस्त्याकडेला रात्र काढणाऱ्यांनीं कायद्याकडेही पाहावें. स्पेनमध्यें फिरतें घर आपल्या चाकांच्या आणि अंगाच्या हद्दींत उभें असेल तर तें ‘उभें केलेलें वाहन’ समजलें जातें. छत बाहेर काढलें किंवा खुर्ची मांडली कीं तो मुक्काम ठरतो, आणि जेथें मुक्कामाला बंदी असते तेथें दंड होतो. जर्मनींत थकलेल्या चालकाला वाहनांत एक रात्र विसांवा घेतां येतो, पण ओसरी उघडून बसतां येत नाहीं. स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें मोकळ्या रानांत हिंडण्याचा व राहुटी ठोकण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे. तो पायीं जाणाऱ्याचा किंवा सायकलवाल्याचा आहे, मोटारीचा नव्हे. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. तेव्हां हे प्रश्न कधीं काळीं कोंकणच्या किनाऱ्यावरही निघाल्यास आश्चर्य नाहीं.

निघण्याच्या दिवशीं कापड ओलें असणारच, असें धरून चालावें. ओलें गुंडाळण्यांत पाप नाहीं; तें गुंडाळलेलें विसरण्यांत आहे. एकदोन दिवसांच्या आंत तें उघडून वाळवलें नाहीं तर काळे ठिपके पडतात आणि ते पुढें कशानेंही जात नाहींत. घरीं पोंचल्यावर गॅरेजांत, जिन्याच्या कठड्यावर, न्हाणीघराच्या दांडीवर, जेथें मिळेल तेथें तें पसरावें. धुवावयाचें तर कोंबट पाणी आणि मऊ फडकें. साबणाच्या पुडीनें पाणी अडविणारा लेप निघून जातो आणि मग तो पुन्हां चढवावा लागतो. खालीं अंथरावयाचें जोतें हवा खेळणाऱ्या विणीचें असावें, नाहींतर आठवड्यानें गवत पिवळें पडतें, आणि पुष्कळ तळांवर तें चालत नाहीं.

शेवटीं मेखा मोजाव्या. जितक्या मारल्या तितक्या पिशवींत आल्या पाहिजेत. एखादी गवतांत राहिली तर ती दुसऱ्या दिवशीं गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्याला लागते, किंवा अनवाणी धांवणाऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या पायाला.